शॉवरचं पाणी तुंबतं कुठे? बाथरूम नव्याने करताना निचऱ्याचं गणित

जुन्या बाथरूममध्ये पाणी कधी साचलं नव्हतं. मग चांगला खर्च करून सगळं नवं केलं: मोठ्या टाइल्स, काचेचं पार्टिशन, डोक्यावर ताटाएवढा शॉवर. आणि पहिल्याच आठवड्यात अंघोळ संपेपर्यंत पाणी घोट्याला लागायला लागलं. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या रो-हाऊसपासून गंगापूर रोडवरच्या फ्लॅटपर्यंत ही तक्रार सारखीच असते आणि खापर बहुतेक वेळा प्लंबरवर फुटतं. प्रत्यक्षात झालेलं असतं ते असं: आत येणारं पाणी वाढलं, ते पसरायची जागा कमी झाली आणि बाहेर जायची वाट मात्र होती तीच राहिली.

हिशेब करून बघा. बादली-तांब्याने अंघोळ करणारा माणूस दहा-बारा मिनिटांत २० लिटरची एक बादली, फार तर दोन बादल्या वापरतो. तेही पाणी थांबून थांबून पडतं आणि ५ × ७ फुटांच्या अख्ख्या फरशीवर पसरतं. ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी अडवणारं वळण, अर्धा तुंबलेला असला तरी कुणाला पत्ता लागत नाही. आता गच्चीवर प्रेशर पंप बसवला आणि मोठा शॉवर लावला की मिनिटाला १५ लिटर पाणी सहज पडतं. आठ मिनिटांच्या अंघोळीत १२० लिटर, आणि तेही काचेच्या आतल्या ३ × ३ फुटांत. निचरा मिनिटाला १० लिटरच होत असेल तर दर मिनिटाला ५ लिटर शिल्लक राहतं. पाच मिनिटांनी २५ लिटर. नऊ चौरस फुटांवर हे पाणी सरासरी ३ सेंटिमीटर चढतं, आणि जाळीजवळ, जिथे फरशी खोल असते तिथे, त्याहून जास्त.

म्हणून शॉवर विकत घेण्याआधी तो किती पाणी सोडतो हे कळलं पाहिजे. शॉवर लावलेला असेल तर त्याखाली २० लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली ८० सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला १५ लिटर. साध्या हातशॉवरला दोन-अडीच मिनिटं लागतात. हा आकडा लिहून ठेवा.

फोडायच्या आधी अर्धा तास

पाणी तीन ठिकाणी अडतं: फरशीवर, जाळी आणि ट्रॅपच्या तोंडाशी, किंवा ट्रॅपच्या पुढे पाइपात. तिन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा. जाळीचा दोष असताना कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) फोडणं हा पैशाचा अपव्यय आहे, आणि पाइपाचा दोष असताना नुसती फरशी बदलणं त्याहून वाईट, कारण वर्षभरात तीच नवी फरशी पुन्हा फोडावी लागते.

पहिली चाचणी: जाळी काढा. तिच्याखाली प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा कप असेल तर तोही काढा. २० लिटरची भरलेली बादली थेट ट्रॅपच्या तोंडात एका दमात ओता. अर्ध्या मिनिटात पाणी उतरलं आणि तोंडातून वर आलं नाही, तर खालची वाट मोकळी आहे. पाणी वर चढून फरशीवर आलं तर अडथळा ट्रॅपमध्ये किंवा पुढे आहे.

दुसरी: वाट मोकळी निघाली, तर जाळी जागेवर ठेवून दुसरी बादली फरशीवर ओता. पाणी जाळीभोवती गोळा होऊन हळूहळू जात असेल तर दोष जाळीचा. जाळीपर्यंत पोचतच नसेल तर दोष ढाळाचा. पंधरा मिनिटं थांबा आणि जिथे जिथे पाणी उरलंय तिथे पेन्सिलने कड आखून घ्या, फोटो काढा. सांध्यांत ओल राहणं ठीक, पण बोटाचं पेर बुडेल असं डबकं ठीक नाही.

तिसरी चाचणी ऐकायची आहे. घरातल्या कुणाला तरी कमोड फ्लश करायला किंवा वॉशिंग मशीनचं पाणी सोडायला सांगा आणि तुम्ही न्हाणी ट्रॅपपाशी, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या ट्रॅपपाशी, उकिडवे बसा. ट्रॅपमधून बुडबुडे आले, गुडगुड झाली किंवा पाण्याची पातळी खालीवर झाली, तर पाइपात हवा अडकते आहे. हा दोष बाथरूमच्या आत नाही, उभ्या पाइपात आहे.

जाळी आणि ट्रॅप

बाजारात जाळी निवडताना सगळे चकाकी बघतात. बघायची असतात ती भोकं. ७५ मिमीचा, ३.२ मिमी जाडीचा पाइप घेतला तर आतला व्यास साधारण ६८ मिमी राहतो आणि त्याचं तोंड ३७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. आता पाच इंची नक्षीदार जाळी घ्या, तिला ५ मिमीची ३० भोकं आहेत असं धरा. सगळी भोकं मिळून सहा चौरस सेंटिमीटरही भरत नाहीत. म्हणजे पाइप मोठा घालून त्याच्या तोंडावर सहावा हिस्साच उघडा ठेवला. त्यावर केसांचा एक पुंजका बसला की संपलं. लांब फटींची, उचलून काढता येणारी, सहा इंची जाळी घ्या. स्क्रूने पक्की बसणारी जाळी कुणी साफ करत नाही.

जाळीखालच्या कपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चांगले प्लंबरही चुकतात. ट्रॅप म्हणजे पाइपाच्या वळणात मुद्दाम अडवून ठेवलेलं पाणी. साधारण ५० मिमी उंचीचा हा पाण्याचा पडदा गटारातला वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. ‘कॉकरोच ट्रॅप’ म्हणून विकला जाणारा उलटा कपही हेच काम करतो, त्याच्यातही पाणी अडून राहतं. खाली खोल न्हाणी ट्रॅप असताना वर कपाची जाळी बसवली, की पाण्याचे दोन पडदे होतात आणि मधे हवा कोंडते. वरचं पाणी खाली जायला बघतं, पण हवेला निघायला जागा नसते. शॉवर चालू असताना पाणी तुंबतं आणि बंद केल्यावर ‘गुळुक गुळुक’ करत हळूहळू उतरतं, हे त्याचं लक्षण. खाली ट्रॅप असेल तर वरचा कप काढून टाका. ट्रॅपच नसेल, नुसता सरळ पाइप असेल, तर कपावर भागवू नका; फोडकाम काढलंच आहे तर खरा ट्रॅप बसवा.

ट्रॅप कशाने भरतो? केस तर आहेतच. पण नुसता केस वाहून जातो, त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं, आणि ते पाण्यातून येतं. बेसाल्टच्या खडकातल्या बोअरचं पाणी धरणाच्या पाण्यापेक्षा सहसा जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणातल्या चरबीशी जुळतं आणि न विरघळणारा पांढरट, चिकट थर तयार होतो. तोच बादलीच्या कडेला दिसतो आणि तोच पाइपात बसतो. ज्या सोसायट्यांमध्ये बोअर किंवा टँकरवर भिस्त आहे तिथे हा थर लवकर जमतो. भर पडते तेलाची. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली थिजतं. निफाडचा पारा बातम्यांत झळकतो त्या दिवसांत गिझरच्या पाण्याबरोबर पातळ होऊन गेलेलं तेल गार पाइपात पोचलं की पुन्हा घट्ट होतं. दिवाळीत अभ्यंगस्नानाला तेल आणि उटणं दोन्ही एकदम खाली जातं. उटण्याची पूड तेलात कालवली की फटी बुजवायच्या लांबीसारखी (पुट्टीसारखी) घट्ट होते. उटणं लावून झालं की आधी कोरडं चोळून कागदावर पाडावं, मग पाणी घ्यावं. चार दिवसांत ट्रॅपला एवढी सवलत पुरते.

साफ करायला प्लॅस्टिकची काटेरी पट्टी किंवा प्लंबरची स्प्रिंग वापरा आणि मग सोसेल इतकं गरम पाणी ओता. उकळतं पाणी नको, पीव्हीसीचे पाइप आणि जोड त्याने नरम पडतात. अ‍ॅसिडने केस जात नाहीत, सांध्यांतलं सिमेंट मात्र खातं. आणि अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर एकामागोमाग एक कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

पाइप, गच्ची आणि चेंबर

बुडबुड्यांची चाचणी दोष दाखवत असेल तर आधी गच्चीवर जा. उभा पाइप गच्चीच्या वर उघडा असायला हवा, टोकाला फक्त जाळीची टोपी. नवीन सिडकोतल्या घरांसारखे मजले मागाहून चढवलेले असले किंवा सोलर बसवताना पाइप आड आला असला, तर कुणीतरी तो कापून तोंडाला बूच मारून ठेवलेलं सापडतं. कधी टोपीत पक्ष्याचं घरटं असतं. हवा आत येत नाही म्हणून खाली जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं, वासही येतो आणि निचराही मंदावतो. बूच काढून जाळीची टोपी बसवणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

रो-हाऊस किंवा बंगल्यात मग बाहेरचं चेंबर उघडा. बाथरूममध्ये बादली ओतली की चेंबरमध्ये पाणी जोरात यायला हवं. थोपत थोपत आलं तर मधला जमिनीतला पाइप बघावा लागेल. काळ्या मातीवरच्या घरात हा पाइप विशेष तपासा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नुसत्या मातीवर टाकलेला पाइप काही वर्षांत मधेच बसतो. ढाळ उलटा होतो आणि त्या खळग्यात गाळ साचत जातो. दोन चेंबरमध्ये पारदर्शक लेव्हलची नळी लावून पाइपाच्या दोन्ही तोंडांची उंची मोजली की ढाळ उरलाय की नाही हे लगेच कळतं. नवा पाइप टाकताना खाली मुरूम ठोकून त्यावर वाळूचा किंवा काँक्रीटचा थर द्यावा. गच्चीचं पावसाचं पाणी याच चेंबरला जोडलेलं असेल तर तेही वेगळं करा. जोराच्या पावसात तुमच्या बाथरूमचं पाणी उलटं फिरायला हे एक कारण पुरतं.

सगळं मोजायचं ते जाळीपासून उलटं

इथून पुढे खरं नूतनीकरण सुरू होतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी टाइल पसंत होते, मग कमोड, मग शॉवर, आणि ढाळाचा विषय निघतो तो गवंडी फरशी बसवायला बसतो तेव्हा. “ढाळ काढतो ना दादा, काळजी करू नका,” असं तो म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण ढाळ किती, हा आकडा कुणीच बोललेलं नसतं. फरशीखालच्या चुन्या-सिमेंटात अंदाजाने काढलेला ढाळ टाइलच्या रुंदीपलीकडे टिकत नाही. तो खालच्या कोब्यातच असावा लागतो.

आकडा गवंड्याच्या भाषेत सांगा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला थोडं जास्त. शॉवरच्या भागात फुटाला दोन सूत, म्हणजे साधारण ५० ला १. बाहेरच्या कोरड्या भागात फुटाला एक सूत, म्हणजे १०० ला १. शॉवरमध्ये फुटाला एक सूतच दिलं तर टाइलच्या किंचित उंचसखलपणातच ते हरवतं आणि डबकी राहतात. तीन सुतांच्या पुढे गेलं तर ओल्या पायाखाली उतार जाणवतो; घरात म्हातारी माणसं असतील तर ते नकोच.

आता ५ × ७ फुटांचं बाथरूम धरा, म्हणजे १.५ × २.१ मीटर. दार एका टोकाला, शॉवर दुसऱ्या टोकाला, पूर्ण रुंदीचा आणि ३ फूट खोल. जाळी कोपऱ्यात ठेवली तर शॉवरचा सगळ्यात लांबचा कोपरा १.७५ मीटरवर पडतो, तिथून ३५ मिमी उतार लागतो. शिवाय जाळीच्या जवळची बाजू त्यामुळे जास्तच तीव्र होते. तीच जाळी मागच्या भिंतीच्या मधोमध आणली तर लांबचं टोक ११७ सेंटिमीटरवर येतं आणि २४ मिमी पुरतात. भिंतीच्या पूर्ण लांबीचा चॅनेल (फरशीत बसवलेली, वर जाळी असलेली लांब पन्हळ) घातला तर फक्त ९० सेंटिमीटर अंतर, १८ मिमी. जाळीची जागा बदलली की उंचीत अर्धा-पाऊण इंच असा वाचतो, आणि जुन्या फ्लॅटमध्ये तो अर्धा इंच सोन्याच्या मोलाचा असतो.

मधली जाळी धरून पुढे चला. बाहेरच्या खोलीच्या फरशीपासून बरोबर १००० मिमी उंचीवर बाथरूमच्या चारही भिंतींवर लेव्हलच्या नळीने किंवा लेझरने एक रेघ मारून घ्या. आता सगळी मापं या रेघेपासून खाली. दाराशी तयार फरशी १०२० वर, म्हणजे खोलीपेक्षा २० मिमी खाली. शॉवर सुरू होतो तिथे १०३२, कारण मधल्या चार फुटांत १२ मिमी गेले. जाळीपाशी १०५६. हे तीन आकडे भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहा आणि प्लंबर, गवंडी दोघांना दाखवा. ट्रॅपची मान (ट्रॅपपासून वर जाळीपर्यंत येणारा तुकडा), कोब्याची उंची, टाइलची जाडी सगळं त्यातूनच निघतं.

जुन्याच टाइलवर नवी टाइल चिकटवायचा सल्लाही कुणीतरी देणारच. १० मिमी टाइल आणि ४-५ मिमी अ‍ॅडहेसिव्ह मिळून फरशी १५ मिमी वर येते, दाराशी ठेवलेले २० मिमी जवळजवळ संपतात आणि खालचा ढाळ जसाच्या तसा वर येतो. जुना ढाळ उत्तम असेल तरच हा मार्ग घ्या. डबकी राहत असतील तर घेऊ नका, कोणी कितीही स्वस्त सांगितलं तरी.

फोडल्यानंतर

फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना तारीख सांगा. काही जुन्या इमारतींत तुमचा ट्रॅप आणि पाइप त्यांच्या छताखाली लटकत असतो. तिथे काम त्यांच्या घरातून करावं लागतं. बाकी ठिकाणी स्लॅब खाली बुडवलेला असतो आणि पाइप त्या भरावात असतो. बीम किंवा स्लॅबची सळई पाइपासाठी कधीही तोडू देऊ नका. स्लॅबला नवं भोक लागलंच तर कोअर कटिंग मशीनने पाडा, हातोड्याने नाही.

डक्टमधल्या, म्हणजे इमारतीच्या पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतल्या, उभ्या पाइपाला तुमचा आडवा पाइप ज्या उंचीवर मिळतो ती उंची ठरलेली असते. तिथून ट्रॅपकडे फुटाला दोन सूत चढत या. पाच फुटांना सव्वा इंच. त्यावर ट्रॅपची उंची, त्यावर मान, आणि मग भिंतीवरचा १०५६ चा आकडा. हे जमत नसेल तर आत्ताच कळलं हे बरं. उथळ ट्रॅप शोधता येईल किंवा जाळी डक्टच्या बाजूला सरकवता येईल. ट्रॅपची उंची कंपनीगणिक बदलते, दुकानातच टेप लावून बघा. पण पाण्याचा पडदा ५० मिमीपेक्षा कमी असलेला ट्रॅप घेऊ नका. मे महिन्यात आठवडाभर गावी गेलात की तो सुकेल आणि परतल्यावर घरभर वास असेल.

पाइप ७५ मिमीचा, एसडब्ल्यूआर (सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा पीव्हीसी पाइप), आयएस १३५९२ चा ‘टाइप बी’ घ्या. ‘टाइप ए’ पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपाला चालतो. दोन्ही दिसायला सारखे असल्याने पाइपावरचा छाप वाचूनच घ्या. ९० अंशांच्या एका वळणाऐवजी ४५ चे दोन बेंड वापरा, केस आणि गाळ तिथे अडत नाही. डक्टमध्ये जिथे वळण आहे तिथे डोअर बेंड बसवा, म्हणजे पुढे कधी तुंबलं तर झाकण उघडून स्प्रिंग घालता येईल. गाडल्या जाणाऱ्या तुकड्याला सॉल्व्हंट सिमेंटचे जोड करा, पाइपाखाली दर दोन फुटांवर सिमेंटचा आधार द्या, नाहीतर भराव टाकताना पाइप मधे झुकतो. झाकण्याआधी पाइपाचं डक्टकडचं टोक बूच मारून बंद करा, ट्रॅपच्या मानेपर्यंत पाणी भरा आणि तासभर ठेवा. पातळी उतरली तर जोड गळतोय.

वॉटरप्रूफिंगवर स्वतंत्र लिहावं इतका तो विषय मोठा आहे. निचऱ्यापुरतं एवढं लक्षात ठेवा: पाइपाभोवतीची फट नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणाऱ्या) ग्राउटने भरा, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलवा काढा, वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे एक आडवा आणि एक उभा असे दोन हात द्या, भिंतीवर एक फूट आणि शॉवरच्या भिंतीवर सहा फूट चढवा. मग ४८ तास पाणी भरून ठेवा. कोबा झाल्यावर पुन्हा एकदा. बुडवलेल्या स्लॅबच्या तळातून डक्टमध्ये एक इंची पाइपाचा तुकडा बाहेर काढून ठेवलात, तर पुढे कधी पाणी मुरलं तरी ते खालच्यांच्या छतातून न टपकता डक्टमध्ये दिसेल. फार थोडे लोक हे करतात, करायला हवं.

ढाळ आणि टाइल

भराव झाला की वर सरासरी दोन इंचांचा ढाळाचा थर येतो. आपल्या ५ × ७ च्या बाथरूमला एकास चार प्रमाणाने साधारण सव्वा गोणी सिमेंट आणि सहा घनफूट वाळू लागते. मिश्रण ओलसर ठेवा, पातळ नको. पातळ माल स्वतःच सपाट होतो आणि काढलेला ढाळ त्यातच बुडतो.

ढाळ तपासायची सोपी युक्ती आहे. एक मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनिअमची सरळ पट्टी घ्या आणि तिच्या एका टोकाखाली २० मिमी जाडीचा लाकडी तुकडा चिकटटेपने बांधा. तुकड्याचं टोक जाळीकडे करून पट्टी ओल्या थरावर ठेवा, वर पाणसळ ठेवा. बुडबुडा मधोमध आला तर ढाळ बरोबर फुटाला दोन सूत. बाहेरच्या भागासाठी १० मिमीचा तुकडा. गवंड्याच्या हातात ही पट्टी दिली की वाद उरत नाही. टाइल बसवतानाही प्रत्येक ओळीला तीच लावा.

टाइलचा आकार आता ठरवा. मधल्या जाळीकडे तीन बाजूंनी पाणी आणायचं तर फरशीला तीन उतार लागतात, आणि २ × २ फुटांची टाइल वाकत नाही. ती तिरकी कापावी लागते किंवा कडा वर राहतात आणि त्या कडांमागे पाणी अडतं. शॉवरमध्ये १ × १ फुटाची मॅट टाइल उत्तम. सांधे जास्त असल्याने पायही घसरत नाही. मोठी टाइलच हवी असेल तर चॅनेल घाला, म्हणजे एकाच दिशेला उतार राहतो आणि टाइल अखंड बसते. फक्त चॅनेल म्हणजे ट्रॅप नव्हे, त्याखाली ट्रॅप हवाच, आणि चॅनेलच्या खालचं तोंड ५० मिमीपेक्षा बारीक नको.

काचेखाली ग्रॅनाइटची पट्टी बसवणार असाल तर बाहेरच्या भागाचं पाणी कुठे जाणार ते विचारा. पट्टी पूर्ण रुंदीत बसली की बेसिनचे शिंतोडे आणि पुसायचं पाणी दाराकडेच राहतं. एकतर बाहेर दुसरा ट्रॅप घ्या किंवा पट्टी न लावता नुसता ढाळ बदला.

जाळीची चौकट टाइलपेक्षा २ मिमी खाली बसवा. तिच्या आणि ट्रॅपच्या मानेमधे जी फट राहते ती नुसत्या मालाने भरतात, आणि पाणी तिथून कोब्यात जातं. तिथे मापाचा वाढीव तुकडा सॉल्व्हंटने चिकटवा.

काम चालू असताना ट्रॅपचं तोंड

नव्या बाथरूममधलं पाणी महिन्याभरात मंदावलं तर बहुतेक वेळा ट्रॅपमध्ये सिमेंट असतं. घमेलं धुतलेलं पाणी, ग्राउट पुसलेल्या फडक्याचं पाणी, टाइलच्या कपच्या, सगळं जवळच्या भोकात जातं. ट्रॅपच्या वळणात ते पाण्याखाली बसतं आणि सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं. तळाला साचलेल्या त्या कडक थरामुळे वाट अर्धी होते, खरखरीत होते, आणि प्रत्येक केस तिथे अडकतो. अ‍ॅसिड ते वरवर खातं, पण एवढा जाड थर त्याने सुटत नाही. ट्रॅप फोडून काढावा लागतो, म्हणजे फरशीही गेली.

ट्रॅप बसला त्याच दिवशी तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गोणपाटाचा बोळा घट्ट बसवा, त्याला सुतळी बांधून टोक भिंतीवर खिळ्याला अडकवा. बोळा आत गेला तरी ओढता येतो. घमेली आणि फडकी धुवायला बाहेर जुना ड्रम ठेवा. तळाला बसलेला माल सुकल्यावर डबराबरोबर जाऊ द्या. रोज संध्याकाळी बोळा जागेवर आहे का ते स्वतः बघा, विचारू नका.

ग्राउट सुकलं की शेवटचा हप्ता द्यायच्या आधी तीन गोष्टी करा. जाळी लावून शॉवर पूर्ण सोडा, दहा मिनिटं चालू ठेवा आणि जाळीवर बोटभरही पाणी चढत नाही ना ते बघा. मग बंद करा आणि पंधरा मिनिटांनी पेन्सिल घेऊन डबकी शोधा, सुरुवातीच्या फोटोंशी ताडून. तिसरं म्हणजे डक्टमधलं डोअर बेंडचं झाकण एकदा उघडून आत टॉर्च मारा. पाइप झाकण्याआधी टेप धरून काढलेले फोटो आणि भिंतीवरचे ते तीन आकडे एका कागदावर उतरवून मीटरच्या कपाटात चिकटवून ठेवा. पुढच्या प्लंबरला पहिला प्रश्न तोच पडणार आहे.